कंठावरील खूण : परसातील पारवे व होले यांच्या ओळखीचा इतिहास

रत्नागिरीतील कोणत्याही जुन्या घराच्या परसात, हापूसच्या कलमांखाली अथवा नारळी-पोफळीच्या आगरात, सकाळच्या प्रहरी राखी-तपकिरी रंगाची काही पाखरे जमिनीवर दाणे टिपीत हिंडताना दिसतात. घरातील वडीलधारी मंडळी त्यांना कधी पारवा म्हणतात, कधी कवडा, कधी होला. मुले तर सरसकट कबूतर म्हणून मोकळी होतात. पाखरू एकच व नावे अनेक, असा त्यामुळे सर्वसाधारण समज होऊन बसला आहे. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. नावे थोडी आणि पाखरे अनेक, असा हा प्रकार आहे. कोकण व सह्याद्री मिळून या एकाच कुळातील कितीतरी जाती वावरतात. त्यांतील काही घराच्या वळचणीला राहतात, काही परसातील झुडपांत, काही उंबर-वडाच्या शेंड्यावर, तर काही सह्याद्रीच्या सदाहरित रानाबाहेर कधीच येत नाहीत.

पक्ष्यांना दाणा-पाणी घालणे हा ज्या समाजात नित्यधर्माचा भाग आहे, त्या समाजाला हा भेद ठाऊक असणे विशेष अगत्याचे आहे. दया करावयाची तर ज्याच्यावर करावयाची तो जीव कोण, त्याची गरज काय, हे प्रथम जाणले पाहिजे. 'पढमं नाणं तओ दया', म्हणजे आधी ज्ञान आणि मग दया, हे आगमवचन जैन घरांत सर्वांच्या परिचयाचे आहे. या पाखरांच्या ओळखीचा इतिहासही त्याच क्रमाची आठवण करून देणारा आहे.

नावांची वंशावळ

मराठीतील 'पारवा' हा शब्द संस्कृत 'पारावत' या शब्दापासून आला. प्राकृतात त्याचे रूप 'पारेवय' असे होते. संस्कृतातील दुसरा शब्द 'कपोत'. कोशांतून हे दोन्ही शब्द पुष्कळदा एकमेकांचे पर्याय म्हणून येतात. तथापि पारावत म्हणजे घरांच्या व देवळांच्या आश्रयाने राहणारा, आणि कपोत म्हणजे राखी वर्णाचा कोणताही पारवा किंवा होला, असा सैल भेद वापरात आढळतो. 'कबूतर' हा शब्द फारसीतून आला आणि बहुधा पाळीव पक्ष्याला चिकटला. 'होला' आणि 'कवडा' हे शब्द लोकभाषेतील होत. देशावर होला अधिक चालतो, कोकणात कवडा. हिरव्या रंगाच्या, झाडावरच राहणाऱ्या जातीला 'हरियाल' किंवा 'हरोळी' म्हणतात. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असते.

मराठीत पक्ष्यांची नावे गोळा करण्याचे मोठे काम मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी केले. वनखात्यातील दीर्घ सेवेत आदिवासी, पारधी व शेतकरी यांच्या तोंडून ऐकलेली नावे त्यांनी आपल्या 'पक्षिकोशा'त नोंदविली. त्यामुळे जे भेद लोकांच्या बोलीत शतकानुशतके होते, ते ग्रंथात स्थिर झाले. रानाशी रोजचा संबंध असलेल्या माणसाला होल्याचे प्रकार वेगळे सांगावे लागत नाहीत. तो संबंध तुटलेल्या नगरवासीयाला मात्र सर्व पाखरे सारखीच दिसतात.

आगमातील कंठ

कपोताचा उल्लेख जैन वाङ्मयात अनेक ठिकाणी येतो. जीवाच्या मनोभावांचे वर्ण सांगणाऱ्या सहा लेश्यांपैकी तिसरी 'कापोत लेश्या'. कृष्ण, नील व कापोत या तीन अशुभ आणि तेज, पद्म व शुक्ल या तीन शुभ, ही गणना सर्वश्रुत आहे. परंतु कापोत वर्ण म्हणजे नेमका कोणता? उत्तराध्ययन सूत्राच्या चौतिसाव्या अध्ययनात त्यासाठी तीन उपमा दिल्या आहेत: अळशीचे फूल, कोकिळेचा पंख आणि पारव्याची मान. सूत्रकारांनी पारव्याचे पंख घेतले नाहीत, पाठ घेतली नाही, मान घेतली, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. पारव्याचे अंग साधे राखी असते. परंतु मानेवर ऊन पडले की हिरवी, जांभळी व किरमिजी झाक क्षणोक्षणी पालटते. ज्याने पारवा जवळून व सावकाश न्याहाळला आहे, त्यालाच ही उपमा सुचेल. आजचे पक्षिशास्त्रही या कुळातील बऱ्याच पाखरांची ओळख मानेवरूनच पटविते.

त्याच सूत्राच्या एकोणिसाव्या अध्ययनात, मृगापुत्राच्या कथेत, श्रमणजीवनाला 'कापोती वृत्ति' म्हटले आहे. कपोत जसा सदैव सावध राहून एकेक कण टिपतो, संचय करीत नाही, तशी साधूची भिक्षा असावी, असा त्याचा भाव टीकाकार सांगतात. परसात उतरलेला होला पाहिला म्हणजे या निरीक्षणाची सत्यता पटते. तो दोन दाणे टिपतो, मान उचलतो, चार पावले चालतो, पुन्हा टिपतो.

सोळावे तीर्थंकर शांतिनाथ यांच्या पूर्वभवातील मेघरथ राजाची कथा तर बालकांनाही ठाऊक असते. श्येनापासून भयभीत होऊन शरण आलेल्या कपोताच्या रक्षणार्थ राजाने स्वतःचे मांस तोलून दिले. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी 'त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा'त ही कथा विस्ताराने सांगितली आहे. महाभारतातील शिबी राजाच्या कथेशी तिचे साम्य उघड आहे.

कथेतील ही करुणा पुढे संस्थारूपानेही उभी राहिली. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले १६२३ मध्ये खंभातला आला असता त्याने तेथील पक्ष्यांचे रुग्णालय पाहिले आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले. कोंबडे, पारवे, मोर, बदके आणि लहान पाखरे यांपैकी जे आजारी, लंगडे किंवा जोडीदार हरवलेले असत, त्यांची तेथे शुश्रूषा होई. त्यापूर्वी चाळीस वर्षे आचार्य हीरविजयसूरी फतेहपूर सीक्रीस अकबराच्या भेटीला गेले होते. त्यांच्या उपदेशाने बादशहाने पिंजऱ्यातील पक्षी मुक्त केले आणि ठराविक दिवशी प्राणिहत्येस बंदी केली. हाच अकबर कबुतरे उडविण्याचा मोठा शौकीन होता. त्याच्या पदरी वीस हजारांहून अधिक कबुतरे असल्याची नोंद 'आईन-इ-अकबरी'त आहे.

बंदरांची नावे ल्यालेली पाखरे

अठराव्या शतकात युरोपातील विद्वानांनी सर्व जीवसृष्टीला लॅटिन नावे देण्याचे काम हाती घेतले. स्वीडनच्या लिनियसने पद्धत घालून दिली. त्याच्यानंतर गटिंगेनच्या ग्मेलिनने त्या ग्रंथाची वाढविलेली आवृत्ती काढली. तिच्या १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पक्षिविषयक भागात आजही रत्नागिरीच्या परसात दिसणारी तीन पाखरे एकत्र सापडतात. पहिला पारवा. दुसरा ठिपकेवाला होला, ज्याला त्याने 'सुरातेन्सिस', म्हणजे सुरतेचा, असे नाव दिले. तिसरा छोटा तपकिरी होला, ज्याच्या भारतीय प्रकाराला त्याने 'कॅम्बायेन्सिस', म्हणजे खंभातचा, असे म्हटले.

ग्मेलिन स्वतः हिंदुस्थानात कधी आला नाही. फ्रेंच प्रवासी सोनेरा याने सुरतेच्या राखी होल्याचे वर्णन १७८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात केले होते. सुरतेच्या होल्याचे नाव त्यावरून पडले. सुरत व खंभात ही त्या काळी जैन व्यापाऱ्यांची गजबजलेली बंदरे होती. युरोपीय प्रवासी प्रथम बंदरात उतरत, त्यामुळे बंदरालगतच्या बागांतील पाखरे त्यांच्या दृष्टीस आधी पडत. तांबड्या होल्याचे नावही असेच. १८०४ मध्ये त्याला 'ट्रॅंकेबारिका' हे नाव मिळाले. ते तमिळनाडूतील तरंगमबाडी या तत्कालीन डॅनिश वसाहतीवरून पडले. ज्या खंभातमध्ये जखमी पारव्यांसाठी रुग्णालय होते, त्याच गावाचे नाव एका होल्याला कायमचे चिकटले, हा योग जैन वाचकांना निश्चितच हृद्य वाटेल.

सह्याद्री व कोकणातील नोंदी

महाराष्ट्रातील पक्ष्यांची शास्त्रीय नोंद करणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचे स्थान मोठे आहे. मुंबई इलाख्यात दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर असताना त्यांनी पक्षी, मासे, पिके, जमीनमहसूल अशा सर्वच गोष्टींच्या नोंदी ठेवल्या. दख्खनच्या पक्ष्यांची त्यांची यादी १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे आली. सह्याद्रीतील एका मोठ्या रानपारव्याला त्यांनी मुंबईचे माजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. हा आज निलगिरी रानपारवा म्हणून ओळखला जातो. पश्चिम घाटाबाहेर जगात तो कोठेही आढळत नाही. त्याच्या मानेवर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा पट्टा असतो.

पुढे मद्रास इलाख्यातील शल्यवैद्य टी. सी. जर्डन यांनी १८६२ ते १८६४ या काळात हिंदुस्थानातील पक्ष्यांवर ग्रंथ सिद्ध केला. राखी कपाळाच्या हरियालाला १८४० मध्ये नाव देणारे तेच. त्यानंतरचे मोठे नाव ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे. राष्ट्रीय सभेचे संस्थापक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्याआधी ते देशातील अग्रगण्य पक्षितज्ज्ञ होते. १८७३ पासून त्यांनी 'स्ट्रे फेदर्स' हे नियतकालिक चालविले आणि गावोगावच्या अधिकाऱ्यांकडून नोंदी मागविल्या.

याच नियतकालिकाच्या नवव्या खंडात, १८८० मध्ये, दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली सविस्तर यादी प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते जी. डब्ल्यू. व्हिडाल हे मुलकी सेवेतील अधिकारी होते. त्याच वर्षी जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, म्हणजे रत्नागिरी व सावंतवाडीचा खंड, निघाला. त्यातील पक्ष्यांच्या माहितीलाही व्हिडाल यांच्या निरीक्षणाचा आधार आहे. खाड्या, आगरे, कातळ, देवराया आणि घाटाचा पायथा अशा निरनिराळ्या ठिकाणी कोणते पाखरू राहते, हे रत्नागिरी जिल्ह्यापुरते प्रथम लेखनिविष्ट झाले ते याच काळात. जिल्ह्याच्या इतिहासाचे अभ्यासक गॅझेटियरमधील बंदरे व किल्ल्यांची माहिती आवर्जून चाळतात. पक्ष्यांच्या पानांकडे मात्र क्वचितच कोणी वळतो.

बंदुकीपासून दुर्बिणीपर्यंत

या सर्व ज्ञानाला एक काळी किनार होती. त्या काळी पाखरू ओळखावयाचे म्हणजे प्रथम ते मारावयाचे, असा शिरस्ता होता. कातडी सोलून, पेंढा भरून, मापे घेऊन, शेजारी शेजारी ठेवून तुलना केल्याखेरीज जात निश्चित होत नसे. ह्यूम यांच्या संग्रहात अशा कातड्यांचा व अंड्यांचा प्रचंड साठा जमला होता. पुढे त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. थिऑसफीच्या प्रभावाने ते शाकाहारी झाले आणि नमुन्यांसाठी पक्षी मारणे त्यांनी सोडून दिले. याच सुमारास त्यांची अनेक वर्षांची हस्तलिखिते नोकराने रद्दी म्हणून बाजारात विकली. १८८५ मध्ये त्यांनी आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्याच वर्षी मुंबईत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले.

१८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. त्यांचा जन्म १८५१ मध्ये साताऱ्यास झाला. जकात व मीठ खात्यातील नोकरीनिमित्त ते उरण, कारवार भाग आणि रत्नागिरी येथे राहिले. 'ईएचए' या आद्याक्षरांनी त्यांनी लिहिलेले 'कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे' हे पुस्तक १९०० मध्ये निघाले. घराच्या आवारातील नेहमीच्या पाखरांकडे कौतुकाने व बारकाईने कसे पाहावे, हे त्यांनी सामान्य वाचकाला शिकविले. १९४१ मध्ये डॉ. सलीम अली यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' प्रसिद्ध झाले. त्यातील रंगीत चित्रांमुळे जिवंत पाखरू पाहून त्याची जात सांगणे सर्वसामान्य माणसालाही शक्य झाले. मारून ओळखण्याचे युग संपून पाहून ओळखण्याचे युग आले. अहिंसेच्या दृष्टीने ज्ञानमार्गात झालेला हा बदल लहान नव्हे.

ओळख कशी पटवावी

बंदूक नको, पिंजरा नको, दुर्बीणही असलीच पाहिजे असे नाही. पाच-दहा मिनिटे स्तब्ध बसण्याची तयारी असली की पुरे. नजर प्रथम मानेवर ठेवावी, मग पाठीवर, मग शेपटीवर. शेवटी आवाज ऐकावा.

पारवा सुमारे ३३ सेंटिमीटर लांब, निळसर राखी असतो. मानेवर धातूसारखी चमक, पंखावर दोन ठळक काळे पट्टे आणि शेपटीच्या टोकाला गडद पट्टी असते. मुळात हा कड्याकपारींत राहणारा पक्षी. समुद्रकाठचे उंच कडे व किल्ल्यांचे तट हे त्याचे जुने घर. उंच इमारती म्हणजे त्याच्या लेखी नवे कडेच. माणसाने पाळून सोडलेल्या कबुतरांशी त्याचा संकर झाल्यामुळे पांढरी, तपकिरी व चितकबरी पाखरेही थव्यात दिसतात.

ठिपकेवाला होला सुमारे ३० सेंटिमीटरचा. मानेच्या मागील बाजूस काळ्या पट्ट्यावर पांढरे ठिपके, जणू बुद्धिबळाचा पट. पाठीवरही फिकट ठिपके आणि लांब शेपटीच्या टोकाला पांढरा रंग. दमट हवा व झाडी त्याला मानवते, म्हणून कोकणच्या परसातील नेहमीचा होला तो हाच. पिलांच्या मानेवर मात्र हा पट नसतो, त्यामुळे लहान पाखरू पाहून फसगत होते. अशा वेळी पाठीवरील ठिपके पाहावे.

छोटा तपकिरी होला सुमारे २७ सेंटिमीटरचा, अंगाने सडपातळ. त्याच्या मानेच्या मागे काहीच नसते. गळ्याच्या दोन्ही बाजूंस तांबूस-काळ्या रंगाची बारीक नक्षी असते. पाठ साधी, ठिपक्यांविना, आणि पंखाच्या कडेला निळसर राखी छटा. त्याचा मंद, हसल्यासारखा घुमणारा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. इंग्रजीत त्याला हसरा होला म्हणतात ते यामुळेच. कोरड्या प्रदेशात तो अधिक आढळतो.

कंठवाला होला फिकट राखी, सुमारे ३२ सेंटिमीटरचा. मानेमागे काळी अर्धवर्तुळाकार कंठी असते. हा देशावरील कोरड्या माळांचा रहिवासी. तांबडा होला त्याच्याच कंठीचा, पण आकाराने फार लहान, सुमारे २३ सेंटिमीटरचा. त्यातील नर विटकरी रंगाचा आणि राखी डोक्याचा असतो. मादी मात्र कंठवाल्या होल्याची लहान प्रतिकृतीच वाटते. या होल्यांत नर-मादीचा रंग इतका निराळा असणारी जात हीच.

पाचू कवडा ओळखण्यास सर्वांत सोपा आणि दिसण्यास सर्वांत दुर्लभ. पंख पाचूसारखे हिरवे, चोच पोवळ्यासारखी लाल. दाट रानात व गर्द आगरांत जमिनीवर पडलेली फळे व बिया टिपीत तो एकटा फिरतो. त्याचा खोल, कण्हल्यासारखा आवाज ऐकू येतो, पण पाखरू दिसत नाही.

हरियाल हिरवट-पिवळा, सुमारे ३३ सेंटिमीटरचा. त्याचे पाय पिवळे असतात आणि खांद्यावर फिकट जांभळा डाग असतो. तो दाणे खात नाही. उंबर, वड, पिंपळ यांची फळे हा त्याचा आहार. पानांत तो इतका मिसळून जातो की पूर्ण थवा झाडावर असूनही दिसत नाही. हरियाल जमिनीवर पाय ठेवीत नाही, अशी लोकसमजूत आहे. पाणी पिण्यासाठी तो कधीकधी खाली उतरतो. तरीही त्याचे सारे आयुष्य झाडावरच जाते, हे खरेच. सह्याद्रीच्या रानात त्याचा राखी कपाळाचा भाऊबंद आढळतो. त्याचे पाय लालसर आणि नराची पाठ किरमिजी असते.

या सर्वांत कुळाचे काही समान गुण आहेत. सर्वांचे घरटे म्हणजे चार काटक्यांची विरळ जाळी. बहुतेकांची अंडी दोन. पाणी पिताना ती इतर पाखरांप्रमाणे मान वर करीत नाहीत, चोच बुडवून ओढून घेतात. नर व मादी दोघेही आपल्या गळ्यातील पिशवीत तयार होणारा दुधासारखा पौष्टिक द्रव पिलांना भरवितात. मातृत्वाची जबाबदारी पित्यानेही तितकीच उचलल्याची उदाहरणे सृष्टीत विरळा आहेत.

एका कुळाच्या दोन गती

पाखरांची ओळख हा केवळ छंदाचा विषय नाही, हे या कुळाच्या इतिहासावरूनच दिसते. मॉरिशस बेटावरील डोडो हा न उडणारा पक्षी सतराव्या शतकात नामशेष झाला. तो कोणत्या कुळातील, यावर दीर्घकाळ वाद होता. १८४८ मध्ये स्ट्रिकलंड व मेलव्हिल यांनी ग्रंथ लिहून तो पारव्यांच्याच कुळातील असल्याचे प्रतिपादिले. भारतीय पारव्याला १८४४ मध्ये स्वतंत्र नाव देणारे स्ट्रिकलंड ते हेच. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए परीक्षणाने त्यास दुजोरा दिला, आणि डोडोचा सर्वांत जवळचा हयात नातेवाईक म्हणून निकोबारी कबुतराचे नाव पुढे आले.

उत्तर अमेरिकेतील प्रवासी कबुतरांचे थवे एके काळी आकाश झाकून टाकीत. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे त्या जातीतील अखेरचे पाखरू १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावले. याउलट कंठवाल्या होल्याने विसाव्या शतकात बाल्कन प्रदेशातून निघून सारे युरोप पादाक्रांत केले. १९५५ मध्ये त्याने इंग्लंडमध्ये घरटे केले. एकाच कुळातील एक जात अब्जावधींवरून शून्यावर येते, आणि दुसरी खंडभर पसरते. 'कबुतरे पुष्कळ आहेत' असे सरसकट विधान करणाऱ्याने हा इतिहास विसरू नये.

महाराष्ट्रातही हीच तफावत दिसते. देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल पारव्यांची संख्या वाढत असल्याचे सांगतो. दुसरीकडे निलगिरी रानपारवा जागतिक यादीत संकटप्रवण म्हणून नोंदला गेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही हा भेद मानला होता. त्याच्या चौथ्या परिशिष्टात या कुळातील पाखरांना संरक्षण देताना पारवा मात्र वगळला होता. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची फेरमांडणी झाली.

दाणा कोणाच्या मुखी

जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याचे निर्देश महापालिकेला दिले, आणि ऑगस्टमध्ये दादरचा १९३३ चा कबुतरखाना झाकण्यात आला. त्यावेळी जैन समाजातील अनेकांचे मन व्यथित झाले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात व सर्वोच्च न्यायालयातही गेले. पारव्यांची वाळलेली विष्ठा व पिसांची धूळ सतत श्वासावाटे गेल्यास काही व्यक्तींना फुप्फुसाचा गंभीर दाह होतो, हे वैद्यकशास्त्र सांगते. त्याच वेळी, पिढ्यान्‌पिढ्या दाण्यावर पोसलेल्या पाखरांनी एका दिवसात काय करावे, हा प्रश्नही दयेच्याच पोटी आला होता. दोन्ही बाजूंना जीवाची काळजी होती.

या वादात एक मुद्दा मात्र क्वचितच चर्चिला गेला. चौकात ओतलेले धान्य पोहोचते ते प्रायः एकाच जातीला, म्हणजे पारव्याला. हरियाल धान्याकडे ढुंकून पाहत नाही. पाचू कवडा गर्दीत येत नाही. निलगिरी रानपारव्याला शहर ठाऊक नाही. परसातील होला दाणे टिपतो, पण पारव्यांच्या झुंडीपुढे तो मागे सरतो. म्हणजे एका कुळातील सर्वांना घातलेले दान एकाच भावंडाच्या पदरी पडते. यात त्या भावंडाचा दोष नाही. दात्याने मात्र इतरांची आठवण ठेवावयास हवी.

लेश्यांच्या विवेचनात जांभळाच्या झाडाचा दृष्टांत येतो. फळांसाठी एक जण झाड मुळासकट तोडू पाहतो, तर शेवटचा खाली पडलेली फळे वेचून तृप्त होतो. रत्नागिरीत हा दृष्टांत शब्दशः लागू पडतो. आगराच्या कडेचा उंबर, बांधावरचा वड, देवराईतील जुनी झाडे तुटली तर हरियालाचे अन्न तुटते. ती उभी राहिली तर एक मूठ दाणा न टाकताही शेकडो पाखरांचे पोषण होते. परसात उन्हाळ्यात मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवावे आणि ते रोज बदलावे. दाणा घालावयाचा तर थोडा व विखुरलेला असावा, म्हणजे कापोती वृत्तीच्या होल्याला तो टिपता येईल. होला घरटे करतो ती झुडपे छाटण्यापूर्वी आत काटक्यांची जाळी आहे काय, हे पाहावे. सोडण्यासाठी म्हणून बाजारातून रानपाखरू कधीही विकत घेऊ नये. विकत घेतलेल्या प्रत्येक पाखरामागे पारधी दुसरे पकडतो, आणि देशी रानपाखरांचा हा व्यापार कायद्यानेही निषिद्ध आहे.

व्हिडाल यांनी १८८० मध्ये दक्षिण कोकणची यादी केली, त्यास आता जवळजवळ दीडशे वर्षे होत आली. रत्नागिरीतील शाळांनी, पाठशाळांनी व घराघरांतील मुलांनी आपापल्या परसातील पारवे-होल्यांची वर्षभराची साधी नोंद ठेवली, तर त्या यादीशेजारी आजची यादी मांडता येईल. कोणते पाखरू दिसले, मानेवर कोणती खूण होती, झाड कोणते होते, काय खात होते, एवढे लिहिले तरी पुरे. वहीचा पहिला रकाना मानेच्या खुणेसाठी राखून ठेवावा.